पुण्याच्या नवी पेठेतली सीसॅटची रविवार बॅच: तिसरा रविवार चुकवू नका

आधी निकाल सांगते, कारणं नंतर. पाचपैकी साडेतीन तारे. त्यातले अडीच एकट्या तिसऱ्या रविवारचे, एक सरांच्या स्वभावाचा. कापलेला दीड तारा झेरॉक्सच्या गठ्ठ्याचा आणि पहिल्या रविवारचा.

मी बीए, विषय इतिहास, कराडकडची. दहावीनंतर गणिताशी संबंध उरला तो मेसच्या हिशेबापुरता. त्यामुळे हे परीक्षण इंजिनिअर मंडळींनी वाचून 'एवढं सोपं तर आम्हाला येतंच' असं म्हणू नये. तुम्हाला येतं, म्हणून तुम्ही साडेतीन हजार भरून रविवारी सकाळी तीन मजले चढत नाही. आम्ही चढतो.

का चढतो तेही सांगते. सीसॅट म्हणजे यूपीएससीच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेचा पेपर दोन. २०१५ पासून तो फक्त पास व्हायचा असतो: २०० पैकी ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण. प्रश्न ८०, वेळ दोन तास, बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकीला ०.८३ वजा. सव्वीस प्रश्न बरोबर आले तर होतात ६५, आणि पेपर एक कितीही सोन्यासारखा गेला असला तरी तुम्ही घरी. सत्तावीस बरोबर, एकही चूक नाही, तर ६७.५ आणि सुटका. माझ्यासारख्यांनी वर्षानुवर्षं उताऱ्यांच्या जिवावर हे भागवलं. २०२३ च्या पेपरनंतर ती वाट बंद झाली. त्या पेपरात संख्यांवरचे प्रश्न इतके आले की अभ्यासिकेत पुढचे दोन आठवडे दुसरा विषय नव्हता. त्यातही डोकं खाणारा प्रकार म्हणजे डेटा सफिशियन्सी: एक प्रश्न, खाली दोन विधानं, आणि उत्तर काय ते विचारतच नाहीत. विचारतात एवढंच की दिलेल्या माहितीवर उत्तर निघेल का.

बॅच चार रविवारांची, सकाळी साडेआठ ते साडेअकरा. विषय एकच: विभाज्यता, अवयव, मसावि-लसावि, बाकी, आणि त्यावरची डेटा सफिशियन्सी. जाहिरातीत मात्र 'यूपीएससी, एमपीएससी, बँकिंग, जीमॅट' (म्हणजे एमबीए प्रवेशाची परीक्षा) असं सगळंच लिहिलंय. शास्त्री रस्त्यावरून आत वळलं की गल्लीत फलक दिसतो. लिफ्ट नाही. गाडी लावायला जागा नाही, ती कुठे लावायची हे विचारायलाही माणूस नाही.

पहिला रविवार वाया गेला म्हणता येणार नाही, पण लांबला. दोनपासून एकोणीसपर्यंतच्या सगळ्या विभाज्यतेच्या कसोट्या फळ्यावर लिहून घेतल्या. तीन, नऊ, चार, आठ, अकरा इथपर्यंत ठीक. सातची कसोटीसुद्धा चालेल: शेवटचा अंक दुप्पट करून उरलेल्यातून वजा करायचा, येईल त्याला सातने भाग जातो का पाहायचं. सतरा आणि एकोणीसच्या कसोट्या कशासाठी? दर प्रश्नाला सरासरी दीड मिनिट मिळतं. तेवढ्यात कसोटी आठवायची, ती सतराची की एकोणीसची याची खात्री करायची, मग लावायची. त्यापेक्षा सरळ भागाकार लवकर होतो. हे मी सरांना मधल्या सुट्टीत बोलले. ते हसले आणि म्हणाले, "फी भरलीय ना, मग घ्या की सगळं." उत्तर आवडलं, कसोट्या नाही.

दुसऱ्या रविवारी मसावि-लसावि आणि बाकी. वेग चांगला होता. 'मसावि गुणिले लसावि बरोबर संख्यांचा गुणाकार' हे दोनच संख्यांना लागू पडतं, तीन घेतल्या की मोडतं, हे त्यांनी २, ४, ८ घेऊन दाखवलं: मसावि २, लसावि ८, गुणाकार १६, आणि तिन्ही संख्यांचा गुणाकार ६४. शाळेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बाकीचा नियमही नीट बसवला: १२ ने भागून बाकी ७ उरत असेल तर ४ ने भागून ३ उरणार हे नक्की, पण ४ ने भागून ३ उरते म्हणून १२ ने भागून काय उरेल ते सांगता येत नाही, तिथे ३, ७, ११ असे तीन पर्याय उघडे राहतात. मोठ्याकडून लहानाकडे जाता येतं, लहानाकडून मोठ्याकडे नाही.

आता तिसरा रविवार. त्यासाठीच हे सगळं लिहायला बसले.

सरांनी आल्या आल्या फळ्यावर एक प्रश्न लिहिला. क्ष हा धन पूर्णांक आहे. क्ष ला २४ ने भाग जातो का? विधान एक: क्ष ला ४ ने भाग जातो. विधान दोन: क्ष ला ६ ने भाग जातो. अर्ध्या वर्गाने हात वर केले, 'दोन्ही मिळून पुरेसं', कारण चार सक चोवीस. सर काही बोलले नाहीत. फळ्यावर दोन रकाने आखले, एकावर 'हो', दुसऱ्यावर 'नाही'. म्हणाले, "दोन्ही विधानं पाळणारी सगळ्यात लहान संख्या सांगा." बारा. "बाराला चोवीसने भाग जातो?" नाही. बारा गेली 'नाही'च्या रकान्यात. "आता तिची दुप्पट." चोवीस, ती 'हो'त. दोन्ही रकान्यांत एकेक संख्या आली, म्हणजे दोन्ही विधानं एकत्र घेऊनही उत्तर ठरत नाही. पंधरा सेकंद लागली असतील.

मग त्यांनी विधान एकमधला ४ पुसून ८ केला. इथे वर्गातले हुशार फसले. एव्हाना त्यांनी मनात नियम बांधला होता: ८ आणि ६ सहमूळ नाहीत, म्हणजे १ सोडून त्यांचा आणखी एक सामाईक विभाजक आहे, तेव्हा हेही पुरेसं नाही. पण ८ आणि ६ चा लसावि २४ येतो. दोन्ही विधानं पाळणारी प्रत्येक संख्या २४ च्या पटीतलीच असणार. पुरेसं आहे. म्हणजे सहमूळ आहेत का हे पाहायचंच नव्हतं, लसावि काढून त्याला विचारलेल्या संख्येने भाग जातो का एवढं पाहायचं होतं. एकच अंक बदलून त्यांनी आधी भोळ्यांना आणि मग शहाण्यांना पकडलं. अशी प्रश्नांची जोडी बांधणं हे या माणसाचं खरं कसब आहे, आणि ते झेरॉक्समध्ये कुठेच नाही, फक्त फळ्यावर आहे.

पुढचा प्रश्न मला अजून आवडला. क्ष हा २ पेक्षा मोठा पूर्णांक आहे. य ही मूळ संख्या आहे का? विधान एक: य म्हणजे क्ष चा घन वजा क्ष. विधान दोन सोडून द्या, त्यात दम नव्हता. घन वजा क्ष म्हणजे (क्ष−१) गुणिले क्ष गुणिले (क्ष+१), लागोपाठच्या तीन संख्यांचा गुणाकार. त्यात एखादी तरी सम येणार आणि तीनच्या पटीतली एक नक्की येणार, म्हणून त्याला ६ ने भाग जाणारच. क्ष तीन घेतला की २४, चार घेतला की ६०. मूळ संख्या कधीच नाही. माझ्या मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "मग पुरेसं नाही, उत्तर नाही असं आलं." सर थांबले, खडू ठेवला आणि म्हणाले, "पोरांनो, ठाम 'नाही' हे उत्तर आहे. मी तुला विचारलं जेवलास का, तू म्हणालास नाही. मला कळलं की नाही?" प्रश्नाचं उत्तर 'नाही' येणं आणि विधान अपुरं असणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बाजारातल्या गाईडमध्ये हे वाक्य पहिल्या पानावर असतं, पण तिथे ते कोणी थांबून वाचत नाही.

रकान्यांची युक्ती कुठे संपते हेही त्यांनी झाकून ठेवलं नाही, आणि एरवीच्या क्लासवाल्यांपेक्षा ते इथेच वेगळे वाटले. दोन्ही रकाने भरले की काम संपलं. पण नुसते 'हो'च येत राहिले तर? दहा उदाहरणं 'हो' आली म्हणून अकरावं येईलच असं नाही. त्यांनी ऑयलरच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र लिहिलं: क्ष चा वर्ग अधिक क्ष अधिक ४१. क्ष च्या जागी ०, १, २ असं करत ३९ पर्यंत काहीही घाला, मूळ संख्याच येते. ४० घातला की १६८१, म्हणजे ४१ चा वर्ग. चाळीस वेळा 'हो' आणि एक्केचाळिसाव्या वेळी 'नाही'. म्हणून एकच रकाना भरत राहिला तर उदाहरणं थांबवा आणि मूळ अवयव पाडा, असं त्यांचं म्हणणं.

अवयव पाडण्याचा नमुना म्हणून हा प्रश्न होता: क्ष च्या वर्गाला ७२ ने भाग जातो. क्ष ला १२ ने भाग जातो का? ७२ म्हणजे तीन वेळा २ आणि दोन वेळा ३. वर्गात प्रत्येक मूळ अवयव सम वेळा यावा लागतो, तेव्हा वर्गात २ किमान चार वेळा आला पाहिजे, म्हणून क्ष मध्ये किमान दोन वेळा. ३ किमान एकदा. दोन वेळा २ आणि एकदा ३, झाले १२. पुरेसं. आणि २४ विचारलं असतं तर? मग परत रकाने: १२ ने 'नाही', २४ ने 'हो'. अपुरं. माझ्या वहीत या प्रश्नाखाली मी दोन रेघा मारल्यात.

एक युक्ती तर अगदी हाताने करायची आहे. पहिलं विधान वाचलं की ते डोक्यात बसतं आणि दुसरं एकट्याने तपासताना नकळत आत शिरतं. क्ष ला ६ ने भागल्यावर बाकी किती? विधान एक: ३ ने भागल्यावर बाकी २. विधान दोन: क्ष विषम आहे. पहिल्याने बाकी २ किंवा ५, दुसऱ्याने १, ३ किंवा ५, दोन्ही मिळून ५, म्हणजे एकत्र पुरेसं. वर्गात बऱ्याच जणांनी 'दुसरं एकटं पुरेसं' असं लिहिलं होतं, कारण 'बाकी २' डोक्यातून गेलंच नव्हतं. सर म्हणाले, दुसरं विधान तपासताना पहिल्यावर प्रवेशपत्र ठेवा. ऐकायला बालवाडीतलं वाटतं. अभ्यासिकेत मी आता झेरॉक्सची घडी ठेवून करते, आणि वेगात कुठे तोटा होत नाही.

एवढं कौतुक झालं. आता झेरॉक्स.

क्लासने दिलेल्या गठ्ठ्यातले बरेचसे प्रश्न जीमॅटच्या धर्तीचे आहेत आणि त्याला पाच पर्याय आहेत. तिथे ए म्हणजे पहिलं एकटं पुरेसं, बी म्हणजे दुसरं एकटं, सी म्हणजे दोन्ही मिळून, डी म्हणजे दोन्हींपैकी कोणतंही एकटं, ई म्हणजे दोन्ही मिळूनही नाही. यूपीएससीच्या अलीकडच्या पेपरांत पर्याय चार: ए म्हणजे कोणतं तरी एक एकटं पुरेसं पण दुसरं नाही, बी म्हणजे कोणतंही एकटं पुरेसं, सी म्हणजे दोन्ही मिळून, डी म्हणजे दोन्ही मिळूनही नाही. सी तेवढा जुळतो. डी तर बरोबर उलटा. दीडशे प्रश्न पाच पर्यायांच्या सवयीने सोडवलेला मुलगा परीक्षेत घाईत डी गोल करून येईल आणि बाहेर येऊन म्हणेल, 'माझं बरोबर होतं.' तो बरोबरच असेल, गोल चुकीचा असेल. एका रात्रीत दुरुस्त होईल अशी ही गोष्ट आहे, नवीन पर्याय टाइप करायचे आणि परत छापायचं. मी ऑफिसात सांगितलं, 'पुढच्या बॅचला करू' म्हणाले. बघू या.

उत्तरपत्रिकेतही दोन उत्तरं चुकलेली आहेत. त्यातलं एक असं: क्ष किती? विधान एक: क्ष ला नेमके तीन विभाजक आहेत. विधान दोन: क्ष सम आहे. छापील उत्तर 'दोन्ही मिळूनही नाही'. पण नेमके तीन विभाजक मूळ संख्येच्या वर्गालाच असतात, ४, ९, २५, ४९, आणि त्यातला सम एकटा ४. दोन्ही मिळून पुरेसं. सरांना दाखवलं तर त्यांनी तिथल्या तिथे मान्य केलं आणि पुढच्या तासाला सगळ्यांना खोडून घ्यायला लावलं. त्यामुळे तक्रार सरांवर नाही, छापणाऱ्यावर आहे. पण घरी एकटीने सोडवणारी माझ्यासारखी मुलगी अशा उत्तरापुढे आपलंच डोकं बिघडलंय असं समजते.

गठ्ठ्याच्या शेवटी 'खास प्रश्न' आहेत. त्यातला एक गमतीचा: कखगकखग अशा रूपाच्या सहा अंकी संख्येला १३ ने भाग जातो का? खाली दोन विधानं. दोन्हींची गरजच नाही. ४७३४७३ म्हणजे ४७३ गुणिले १००१, आणि १००१ म्हणजे ७ गुणिले ११ गुणिले १३. कोणतीही तीन अंकी संख्या दोनदा लिहा, भाग जाणारच. चहावर मित्रांना घालायला उत्तम. विधानं न वाचताच उत्तर देता येणारा प्रश्न आयोग काढेल असं मला वाटत नाही, आणि त्यावर वीस मिनिटं घालवणं पटलं नाही.

चौथ्या रविवारी तीस प्रश्नांची टेस्ट आणि चर्चा. टेस्ट बरी. चर्चेत पहिल्या रांगेतल्या चौघांनीच सरांना व्यापून टाकलं. मागून विचारलेला प्रश्न पुढे पोचेपर्यंत सर पुढच्या प्रश्नावर गेलेले असायचे. खोली चाळीस जणांची, बसवले त्याहून जास्त. कूलर आहे, पण तो चालू केला की सर ऐकू येत नाहीत आणि बंद केला की बसवत नाही. बाकीचं ठीक, पाणी असतं, स्वच्छतागृह स्वच्छ आहे. मुलींना हे आधी माहीत असावं म्हणून लिहिलं.

शिकवणं मराठीत, साहित्य इंग्रजीत. मला त्रास झाला नाही, कारण सर प्रत्येक प्रश्न मराठीत मोठ्याने सांगतात. तास चुकवून नुसता गठ्ठा घेतला तर मात्र गावाकडून आलेल्या मुलांना जड जाईल.

जीमॅटवाल्यांसाठी दोन ओळी. माझ्या शेजारी हिंजवडीतला एक आयटीवाला बसायचा. जाहिरात वाचून आलेला. नोव्हेंबर २०२३ पासून जीमॅटचं स्वरूप बदललं: डेटा सफिशियन्सी गणिताच्या विभागातून निघून डेटा इनसाइट्समध्ये गेली, तिथे ४५ मिनिटांत २० प्रश्न, पडद्यावर कॅल्क्युलेटर, आणि सोबत तक्ते-आलेखांचे वेगळे प्रकार. या बॅचमध्ये त्यातलं काही नाही. पाया पक्का होईल, परीक्षेची तयारी होणार नाही. तो तिसऱ्या रविवारनंतर आला नाही, आणि माझ्या मते त्याने बरोबर हिशेब केला.

कोणी जावं? ज्यांना अवयव पाडता येतात, मसावि-लसावि आठवतो, पण दोन विधानं दिसली की हात थिजतो, त्यांनी जावं. ज्यांना मूळ संख्या आणि विषम संख्या यातला फरक आठवायला लागतो त्यांनी आधी बालभारतीची पाचवी ते आठवीची गणिताची पुस्तकं काढावीत. अप्पा बळवंत चौकात सगळी मिळतात, सगळी मिळून या फीच्या पासंगालाही पुरणार नाहीत. इंजिनिअरांनी फक्त तिसरा रविवार करावा. एकच दिवस बसू देतात का ते ऑफिसात विचारा. माझ्या रूममेटला हजार रुपयांत बसू दिलं होतं, पण तशी पाटी कुठे लावलेली नाही.

जाणार असाल तर सव्वाआठला पोचा आणि डावीकडची दुसरी रांग धरा. तिथून फळा पूर्ण दिसतो, कूलर लांब राहतो, आणि सरांना हात दिसतो. गठ्ठा हातात पडला की सोडवायला घेण्याआधी प्रत्येक पानावरचे पाचही पर्याय खोडून यूपीएससीचे चार लिहून काढा. मी ते पहिल्या रविवारी सतराची कसोटी चालू असताना केलं.